वचनांची अदलाबदल

१२ जानेवारी

प्रिय दादास,

सप्रेम सलाम वि. वि. उशिराच्या पत्राबद्दल तू ओरडणार हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे, तेव्हा तो भाग आधी उरकून घे आणि मग पुढे वाच.

आईचं नव्या वर्षाचं पाकीट पोचलं. नेहमीसारखं बायबलातलं एक वचन, तिच्या त्या तिरक्या अक्षरात, आणि खाली नेहमीचीच ताकीद: वर्षभर हे जगायचं, नुसतं भिंतीला चिकटवायचं नाही. यंदा मला आलंय ते असं: माणसाने ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश आणि रागाला मंद असावं. वाचून मी खुर्चीतच हसत सुटले. दादा, ज्या बाईला तू लहानपणापासून मौनी म्हणतोस, जिला दुकानदाराने शिळा पाव दिला तरी तोंड उघडवत नाही, तिला आईने गप्प बसायला सांगावं? मला आपली शंका येते की तुझं पाकीट माझ्या पत्त्यावर आलंय. आई हल्ली चष्मा कपाळावर ठेवून साऱ्या घरभर शोधते, तेव्हा नवल नाही. तुला काय आलंय ते कळव.

बाकी मी बरी आहे. कारखान्यात काम भरपूर आहे. तुमच्या बेटावरच्या बोटींसाठी लाइफ जॅकेटांची मोठी ऑर्डर आली आहे, आणि प्रत्येक जॅकेटवर 'तपासले' असा शिक्का मारायचं काम माझंच. म्हणजे तुझ्या बोटीत बहिणीचा शिक्का असणार. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
मौनी


२० जानेवारी

चि. मौनीस,

अनेक आशीर्वाद. तुझा तर्क शंभर टक्के खरा. मला आलेलं वचन ऐक: भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नको. हे मला! ज्याच्या आवाजाने धक्क्यावरचे पक्षी उडतात त्याला! माझ्या हाताखालच्या दोघा मेकॅनिकांनी हे वचन वाचलं आणि एकमेकांकडे असं पाहिलं की माझ्याने राहवेना, मी त्यावरूनही त्यांना झापलं. आता मी ओरडलो की सांगतो, शास्त्राची आज्ञा आहे बाबांनो, माझा नाइलाज आहे.

तर आता काय करायचं? सरळ अदलाबदल करू. माझं तू घे, तुझं मी घेतो. आईला कळवायला नको, तिला उगीच वाईट वाटेल.

परवा इंजिनाच्या नळीने हात भाजला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पट्टी बांधली आहे, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. काळजी करू नकोस.

तुझा,
भोंगा (तूच ठेवलेलं नाव, आता भोग)


३ मार्च

प्रिय दादास,

स. स. वि. वि. अदलाबदल नको. माझं वचन मी ठेवून घेतलंय. खरं सांगू? मला ते फार सोयीचं पडलं. गप्प बसणं हा आजवर माझा भित्रेपणा होता, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. पण नुसतं गप्प बसून वचन पाळलं असं होत नाही, त्यात ऐकायलाही सांगितलंय. म्हणून मी चहाच्या सुट्टीत एकटी न बसता शिवणाऱ्या बायकांमध्ये बसू लागले. आणि तिथेच घात झाला.

कोपऱ्यातल्या मशीनवर बसणारी मावशी सहज म्हणाली की नव्या दोऱ्याचा तिला भरवसा वाटत नाही. जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा तिच्या हातून लादी पुसायच्या बादलीत पडला होता, आणि बाहेर काढताना टाके उसवून पट्टा तिच्या हातात आला. बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी एक जॅकेट घरी नेलं, न्हाणीघरातल्या बादलीत भिजत घातलं आणि सकाळी पट्टा ओढला. जुन्या सदऱ्याचं बटण निघावं तसा निघाला.

सुपरवायझरला सांगितलं, म्हणजे जेमतेम पुटपुटले. तो म्हणाला की चाचणी कोरड्या पट्ट्याला वजन लावून करतात, त्यात सगळी जॅकेटं पास झाली आहेत, तेव्हा मी शिक्के मारत राहावं. आणि मी मारतेय, दादा. रोज. साहेबांकडे जायची छाती होत नाही. माझे यजमान गेल्यावर ज्यांनी एक शब्द न विचारता मला काम दिलं ते हे साहेब. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात, मागे वळून माझी विचारपूस करतात. त्यांना जाऊन काय सांगू, की तुमचा माल बुडवणारा आहे? ट्रक पुढच्या आठवड्यात निघेल. मी आपली मनाशी म्हणते, बोलायला सावकाश, बोलायला सावकाश. पण रात्री डोळा लागत नाही.

तुझा हात आता कापल्याचं आईच्या पत्रातून कळलं. आधी भाजला, मग कापला. बोटींची इंजिनं यंदा एवढी चवताळली आहेत की त्या दवाखान्यात काही विशेष आहे? पत्राची वाट पाहते.

तुझी,
मौनी


७ मार्च

चि. मौनीस,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र वाचून मी हातातला पाना फेकला आणि तडक धक्क्यावर गेलो. तुझ्या साहेबाच्या टेबलावर मूठ आपटायची, त्या सुपरवायझरला त्याच्याच बादलीत बुचकळायचं, एवढं ठरवून बोटीत पाय ठेवला. तेवढ्यात तुझं वचन आठवलं. रागाला मंद. बोट मी जाऊ दिली आणि धक्क्यावर बसून राहिलो. बसल्या बसल्या दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली ही की मी येऊन ओरडलो तर उद्या सगळे म्हणतील की भाऊ माथेफिरू आहे, आणि पट्टे तसेच राहतील.

दुसरी तुझ्यासाठी. तू वचन अर्धंच वाचलंस. त्यात बोलायला सावकाश असं आहे. सावकाश म्हणजे कधीच नाही, असं नाही. आधी ऐक आणि मग बोल, एवढाच त्याचा अर्थ. तुझं ऐकून झालंय. मावशीचं ऐकलंस, सुपरवायझरचं ऐकलंस, बादलीचंसुद्धा ऐकलंस. आता ऐकायचं काही उरलेलं नाही, मौने. त्या बोटींनी रोज शाळेची पोरं जातात. मी जातो. तू तुझा शिक्का त्यांच्या पाठीवर मारते आहेस.

मी रागावलेलो नाही. अक्षर वेडंवाकडं आहे ते पट्टीमुळे. आजपासून मी रोज गुडघे टेकून तुझ्यासाठी प्रार्थना करणार, आणि तीसुद्धा हळू आवाजात.

तुझा,
दादा


१५ मार्च

प्रिय दादा,

स. स. वि. वि. सलाम, सलाम आणि पुन्हा सलाम! बस आणि वाच.

ट्रक अंगणात उभा होता, निम्मा भरलेला. मी बादलीत भिजवलेलं एक जॅकेट घेतलं आणि तसंच निथळत साहेबांच्या खोलीत गेले. दाराशी दोनदा थांबले. सुपरवायझर माझ्या आधीच आत होता. तो घाईघाईने बोलू लागला: बाईंना उगीच शंका आहे, चाचणी झाली आहे, ट्रकला उशीर होतोय. मी त्याला बोलू दिलं. मधे तोंड घातलं नाही. मनात म्हटलं, ऐकायला तत्पर, चल, हेही ऐकते. त्याचं सगळं संपलं आणि खोलीत जॅकेटातून ठिबकणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज उरला. साहेब माझ्याकडे पाहू लागले. सुट्टीत नातीला बोटीतून फिरवायला नेणार असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. मी जॅकेट त्यांच्या कागदांवरच ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, नातीला हे घालाल?"

बस, एवढंच. भाषण तयार केलं होतं ते सगळं विसरले.

साहेब उठले, ट्रकमधून माझ्या शिक्क्याचं एक कोरडं जॅकेट उचललं, बूट काढले, घड्याळ सुपरवायझरच्या हातात दिलं, आणि जॅकेटं तरंगतात का ते पाहायचा अंगणात हौद आहे ना, त्यात कपड्यांसकट उतरले. सगळी मशीनं बंद पडली. खिडकीखिडकीत बायकांची डोकी. साहेब त्या हौदात तरंगत राहिले, तिथूनच हिशोबनिसाला दोन कामं सांगितली, त्यांचा चहा काठावर निवून गेला. बराच वेळ गेल्यावर त्यांनी दोघा हमालांना सांगितलं की मला खांद्याच्या पट्ट्याला धरून बाहेर ओढा. त्यांनी ओढलं. पट्टा हातात घेऊन दोघेही जमिनीवर आपटले आणि साहेब होते तिथेच पाण्यात.

आधी ते हसले. मग स्वतः शिडीने वर आले, निथळत माझ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले की ट्रक रिकामा करा. दादा, मी तिथे सगळ्यांदेखत रडले आणि मला लाजही वाटली नाही. गेले चार दिवस आम्ही टाके उसवतोय आणि जुन्या दोऱ्याने नव्याने शिवतोय. बायका गाणी म्हणत शिवतात. सुपरवायझरही उसवायला बसलाय, त्याला सुई धरता येत नाही म्हणून मावशी त्याला शिकवते. आता प्रत्येक जॅकेट आधी भिजतं, मग ओढलं जातं, मग माझा शिक्का. हौदाला सगळे मौनीचा हौद म्हणू लागले आहेत!

आता तुझी पाळी. माझं वचन तू मला नीट वाचायला शिकवलंस, तर तुझं मी तुला शिकवते. तुझ्या वचनात बोल असं आहे, ओरड असं नाही. दिवसभर ओरडणाऱ्या माझ्या भावा, एका माणसाशी तू अजून बोललेला नाहीस, आणि त्या नर्सबाईंकडे पट्ट्याही आता संपत आल्या असतील. भिऊ नको.

तुझी,
मौनी (नावापुरती)


२ एप्रिल

चि. मौनीस,

अ. आ. बोललो.

हात धडधाकट असताना दवाखान्यात नर्सबाईंकडे गेलो. तिने विचारलं की आज काय झालं. मी म्हणालो की काहीच झालेलं नाही, आणि पुढे माझा आवाजच निघेना. माझा, मौने! बाहेर रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याने काळजीने आत डोकावून पाहिलं. शेवटी मी ते वचन मनात धरलं आणि इतक्या हळू विचारलं की तिने मला पुन्हा विचारायला लावलं. दुसऱ्यांदा जमलं. ती म्हणाली की पहिल्या पट्टीपासून वाट पाहत होते, आणि एवढा आवाज असलेल्या माणसाला एवढा वेळ का लागावा.

लग्न मे महिन्यात, इथल्या चर्चमध्ये. तू ये, आणि आईला आण. ती पाण्याला भिऊन आजवर कधी बेटावर आली नाही, पण या खेपेला तिचं काही चालू देऊ नकोस. तुमच्या कारखान्याची जॅकेटं बोटींवर आली आहेत. सगळी भिजवून, ओढून पाहिली मी. एकही टाका हलला नाही. फार अभिमान वाटला तुझा.

तुझा,
दादा


२६ मे

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं कळलं. मी अजून इथेच आहे, सूनबाई जाऊ देत नाही. फार गुणाची आहे, तुझ्या भावाने तोंड उघडलं की नुसती बघते आणि तो आवाज खाली आणतो.

येताना बोटीत तू मला विचारलंस की नव्या वर्षाला पाकिटांची अदलाबदल झाली होती का. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर नुसती किंचाळले असते. जॅकेटही धक्क्यावर उतरल्यावर काढलं नाही, चर्चच्या दारापर्यंत घालून गेले, त्यावरून तुम्ही दोघं मला हसलात तेही माझ्या लक्षात आहे. आतल्या बाजूला तुझा शिक्का होता. त्यावर हात ठेवून सगळं पाणी पार केलं. माझी लेक 'तपासले' म्हणते तर तपासलेलंच असणार.

तर पाकिटांचं. चष्मा कपाळावर असतो हे खरं, पण पत्ते मी चष्मा लावूनच लिहिले होते. ओरडणारं पोर बोललेलं नसतं आणि गप्प पोराचं अजून ऐकणं चाललेलं असतं, हे तुम्हाला वाढवताना मी पाहिलं. ज्याला जे हवं ते मी ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पाठवलं.

स्वतःसाठी मी तुझ्या भावाचंच वचन घेतलं होतं, त्यातले पहिले दोनच शब्द: भिऊ नको. परतीची बोट शनिवारची आहे. मला घ्यायला धक्क्यावर येऊ नकोस, मी एकटी येईन.

तुझी,
आई