दादाला फोटोतून कापले, त्याची कबुली

तीर्थस्वरूप दादास, धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढं, पंधरा दिवस झाले, ती मनात येईल तेव्हा धरते.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे, पण थोरल्याची प्रकृती विचारल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही. इकडे सगळे ठणठणीत. शिलाई मशीन तेवढं कुरकुरतं, आणि ही म्हणते की मशीन परवडलं.

आपलं बोलणं बंद होऊन चार महिने झाले. कारण तुला पाठ असेल, तरी लिहितो, म्हणजे मलाही ते आठवतंय हे तुला कळेल. आपल्या चौघांच्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी तू आम्हाला पहाटे पाचला उठवून सूर्योदय दाखवायला टेकडीवर नेलंस. वर धुकं, आणि धुक्याच्या पलीकडे आणखी धुकं. तू सारखं तिकडे बघ, तिकडे बघ करत होतास आणि माझं तोंड कॅमेऱ्याकडे, कारण वहिनी माझ्या फोनवर फोटो काढत होत्या आणि मला पोट आत घ्यायचं होतं. (ते किती वेळ आत राहतं हे मला एकट्यालाच माहीत.) मग उतरताना ही आणि वहिनी, दोघींदेखत मी म्हणालो, की दादा, जन्मभर तू आम्हाला पहाटे उठवलंस आणि दाखवलं काहीच नाहीस. तू गप्प झालास, तो अजून गप्पच आहेस.

आता पुढचं वाचून रागावू नकोस. (रागावलेला आहेसच, नव्यानं रागावू नकोस.) घरी आल्यावर मीही फुरंगटून होतो. तशात लेकीनं मला फोनवर फोटो कापायला शिकवलं. चौकट चारी बाजूंनी आत ओढायची, नको ते बाहेर ठेवायचं, बरोबरची खूण दाबायची. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या शिंप्याला हे शिकवणं म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. सुरुवातीला कामं चांगली केली हो! तळ्याकाठची कचऱ्याची टोपली कापली. तळं एका बाजूला सांडत होतं, ते सरळ केलं. हिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता, तो बोटानं घासून पुसला. (त्याबरोबर अर्धा अंबाडाही गेला, हे तिला अजून सांगितलेलं नाही, वहिनींनीही सांगू नये.) मग एके दुपारी राग पुन्हा वर आला आणि मी सगळ्या फोटोंतून तुला कापलं. अवघडही नव्हतं. प्रत्येक फोटोत तू कडेलाच उभा, सगळ्यांच्या पिशव्या धरून.

पण हाताची सवय जाते कुठे? कापताना शिवणीसाठी दोन बोटं माया सोडायची, हे मी तू दुकान घालून दिलंस तेव्हापासून पाळत आलोय. फोटो शिवायचा नसतो हे डोक्याला कळतं, हाताला नाही. दर फोटोला मी दोन बोटं जास्तच सोडली. परिणामी तू गेलास आणि तुझा हात राहिला. तळ्यापाशी एक हात, त्यात माझी पिशवी. देवडीच्या पायऱ्यांवर माझ्या खांद्यावर एक हात, मागे माणूसच नाही. लेकीनं विचारलं, "बाबा, हा हात कुणाचा?" मी म्हटलं, वाटाड्याचा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला.

शेवटी हात पुसायला बसलो. टेकडीवरच्या फोटोत तो माझ्या डोक्यामागून धुक्यात गेलेला, आणि नेमका कुठे संपतो ते दिसेना. म्हणून उजेड कमी केला, रंग गडद केले. दादा, तुझं बोट जिथे संपतं, तिथे धुक्यात एक फिकट गोल आहे. शर्टाच्या बटणाएवढा. सूर्य होता रे! तू दाखवत होतास आणि मी पोट आत घेऊन उभा होतो. मग तो हात माझ्यानं पुसवेना. फोटो मोठा करून आणला आणि दुकानात मशीनच्या वर लावलाय. गिऱ्हाईक विचारतं हात कुणाचा, मी सांगतो, आमच्या दादाचा. त्या दिवशी बोललो ते चुकलं. फार लागलं असेल तुला. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी वेडंवाकडं बोलेन, म्हणून लिहिलं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा

ता. क. : तू अख्खा आहेस असा एकही फोटो उरलेला नाही. कापून झालं की चिंध्या झाडून टाकायच्या, या शिस्तीनं मी मूळ फोटोही कायमचे पुसून टाकले. लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा पुन्हा जाण्यावाचून इलाज नाही. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारची चार तिकिटं काढली आहेत. खिडकी तुझी. फोटोत तू मधे उभा राहायचंस, पिशव्या मी धरीन.

ता. क. दुसरा : फोटो मोठा करून देणारा स्टुडिओवाला म्हणतो, तो सूर्य नव्हे, टेकडीवरच्या दुकानाचा दिवा आहे. मला पटलेलं नाही. तरी तू पाचला उठवच. या वेळी तू बोट दाखवशील तिकडेच बघेन, दिवा असला तरी.