सात पुरे

१२ मार्च १९६२

क्वेबेक शहरातून परत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मूल होऊ नये म्हणून देणं कायद्यात बसत नाही – चिठ्ठीवर लिहिलं, 'पाळी नियमित होण्यासाठी'. सातव्या बाळंतपणात रक्त थांबेना, तेव्हा हेच डॉक्टर होते. आठव्याला मी काही करू शकणार नाही, म्हणाले. नवरा – रोझेर – लाकूडतोडीच्या छावणीवर. एप्रिलमध्ये येईल. त्याआधी सुरू करायच्या.

१९ मार्च

सासूबाईंना पिठाच्या डब्यात पाकीट सापडलं! रक्त वाढायच्या गोळ्या, म्हटलं. 'आमच्या वेळी रक्त आपोआप वाढायचं,' म्हणाल्या. पाकीट त्यांनीच होतं तिथे ठेवून दिलं.

२ एप्रिल

शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर भेटल्या. तुमची रेझान हुशार आहे, पुढे नर्सिंगला पाठवा, म्हणतात. पाळणा पुन्हा हलला तर तिची शाळा सुटलीच – धाकट्यांचं थोरलीनेच करायचं, इथे घरोघर तेच. मी बाराव्या वर्षी सोडली.

१४ एप्रिल

रोझेर आला. हात फुटलेले, दाढी वाढलेली. मुलं त्याच्या अंगाला लोंबकळली. जेवताना सगळं सांगितलं. वाटाण्याचं सूप ढवळायला लागला. मग म्हणाला – 'फादरना कळलं तर?'

१९ एप्रिल

पापस्वीकाराला गेले. गोळ्यांचं लपवता आलं असतं. नाही लपवलं. फादर म्हणाले, आजपासून सोड. मी गेले तर सातजणांचं कोण करील, विचारलं.

'देव बघेल.'

'मागच्या वेळी डॉक्टरांनी बघितलं, फादर.'

जाळीची खिडकी बंद झाली. क्षमा नाही. म्हणजे ईस्टरला प्रसादही नाही – सगळं गाव उठून वेदीपाशी जाणार, मी एकटी बाकावर. का, ते कुणाला सांगावं लागणार नाही. रोझेर म्हणतो, त्या दिवशी आजारी पड.

२१ एप्रिल

नाही पडणार.

२२ एप्रिल, ईस्टर

आमची रांग उठली. रोझेर मुलांना घेऊन पुढे गेला, वळूनही न बघता. मी बसून. मान वर करवेना. शेजारी आणखी कुणीतरी उठलं नव्हतं – सासूबाई! उठा, लोक बघताहेत, मी पुटपुटले. त्यांनी माझा हात धरला.

'मला चौदा झाली,' वेदीकडे बघत म्हणाल्या. 'एकदाही मला कुणी विचारलं नाही.'