दांडा हलका झाला तेव्हा

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं, वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. खोलीला नवे पडदे लावलेत, जेवण वेळेवर होतं, वजनही वाढलंय. तू विचारलंस, "तुझ्या त्या बिनपंखी विमानाचं काय?" अगं, पंख आहेत! पंखांच्या मागच्या हलणाऱ्या पट्ट्या नाहीत, एवढंच. बाकीची विमानं त्या पट्ट्या वरखाली करून वळतात. आमचं पंखाच्या कडेच्या बारीक फटींतून जोरात हवा सोडून वळतं.

हसलीस ना? मीही हसायचे.

गेल्या आठवड्यात चाचणीच्या उड्डाणात डावीकडे वळताना, विमान वळवायचा हातातला दांडा एकदम हलका झाला. इकडे ओढला, तिकडे ढकलला, विमान ऐकेचना. फटींतून हवाच येत नव्हती. विमान कलत गेलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मग हवा आली, कशी कोण जाणे. उतरले आणि खाली जमलेल्यांना म्हणाले, "मस्त झालं!"

चाचण्या बघणाऱ्या आमच्या साहेबांना मात्र खरं सांगितलं. उघडून पाहिलं तर हवेच्या नळीला नखाएवढी चीर. नळी बदलली.

"आता काळजी नको," साहेब म्हणाले.

"पण चीर पडली कशानं?"

त्यांनी पुढच्या चाचणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "भीती वाटत असेल तर चिमणी उडवेल."

चिमणी म्हणजे आमची नवी वैमानिक. पोरीला आकाश ठेंगणं झालं. मी तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "तुम्ही सावरलंत ना? मग मीही सावरेन." ताई, तिला कल्पना नाही. दांडा मेला की आधी वाटतं आपलंच काही चुकलं, आणि ते शोधण्यात वेळ जातो. पुन्हा तसं झालं, तर माझा तो वेळ जाणार नाही. तिचा जाईल.

म्हणून साहेबांना सांगून आले, मीच जाते. उद्या सकाळी.

शूर वगैरे नाही गं मी. वजनाचं खोटं लिहिलं. घास घशाखाली उतरत नाही. नळाचं पाणी क्षणभर अडलं तरी काळजात धस्स होतं.

उद्या दुपारी फोन करेन. नाहीच आला, तर आईला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस. आधी तिच्याजवळ बस, तिचा हात धर, मग सांग.

जायचंच आहे, पण जावंसं वाटत नाही अशी,
तुझी धाकटी