दाराआडची ठमी

मंगळवार, ४
आणली एकदाची! हुबेहूब आमच्या ठमीसारखी मांजर. तोच करडा रंग, तेच पांढरे पंजे. ठमीची मूत्रपिंडं गेलीत — जनावरांचे डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. आणि आईचे डॉक्टर बजावतात, हृदय नाजूक आहे, धक्का बसता कामा नये. ठमी मांडीवर नसली तर आई घासही घेत नाही. मग करू काय मी? आईला सांगून टाकलं, ठमी दवाखान्यातून आली. तिला सगळं धूसर दिसतं. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते मी, आईला किती दिसतं ते मला कुणी शिकवू नये.

बुधवार, ५
जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला होता, "नवीला बंद खोलीत ठेवा हं ताई, जुनीला घर मोकळं." मी नेमकं उलटं केलंय. नवी आईच्या मांडीवर, ठमी अडगळीच्या खोलीत.
आईने नवीचे कान चाचपले. "वाळलीस गं ठमे." जिवात जीव आला!

रविवार, ९
वासांची अदलाबदल, दोघींना एकमेकींची सवय व्हावी म्हणून. ठमीची गादी नवीला, नवीचा टॉवेल ठमीला. ठमीने टॉवेल हुंगला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पाण्यालाही शिवली नाही.
दादाचा फोन — "तुझे उपद्व्याप तुलाच लखलाभ." लांब बसून बोलायला याचं काय जातं!

बुधवार, १२
ठमी ओरडते. दार ओरबाडून खालचा रंग निघाला.
आई — "कोण रडतंय गं?"
"शेजारचं मांजर."
"बरं," म्हणाली. नुसतंच बरं. मला ते आवडलं नाही.

रविवार, १६
आई झोपली की ठमीला घरात फिरता यावं, एवढंच मनात होतं. म्हणून दार वीतभर उघडलं, दोघींची ओळख होऊ दे म्हटलं. ठमी गुरगुरली. बारा वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. नवी घाबरेल तर शपथ! सरळ आत गेली आणि ठमीच्या ताटलीत तोंड घातलं. ठमी मुकाट बाजूला सरली. नवीला उचलून बाहेर आणलं. दार लावून घेतलं.

गुरुवार, २०
नवी हल्ली त्या दारासमोर बसून असते. हाकललं तरी परत येते.

शनिवार, २२
ठमी गेली. दुकानातून आले तर दाराला टेकून गार पडलेली. एकटीच. आई डुलक्या घेत होती तोवर मागच्या अंगणात पुरलं. नळ मोठा सोडून रडले. वाईट वाटतंय — पण खोटं कशाला लिहू, सुटलेही. आईला काही कळलं नाही.

रविवार, २३
सकाळी आईने नवीला मांडीवरून अलगद खाली ठेवलं. "गुणी आहे गं ही, हिचा काय दोष? तू माझ्यासाठी एवढा खटाटोप केलास, म्हणून पहिल्या दिवसापासून गप्प बसले. पण कालपासून माझ्या ठमीचा आवाज नाही. फार आजारी आहे ना ती? आण तिला. माझ्या मांडीवर प्राण सोडू दे."
हात पुढे करून बसली आहे. अजून.