बेवारस कोण?

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफ कर. फोटो पाठवत होते, त्यामुळे लिहिल्यासारखंच वाटत होतं. पण फोटो पाठवणं म्हणजे लिहिणं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. फोनवर बोलावं तर बाबा शेजारीच बसलेले असतात. म्हणून कागद.

इकडे ठीक आहे. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला. तू दिलेला टॅब्लेट बाबा आणि मी साखरेच्या डब्याला टेकवतो आणि सकाळचा चहा झाला की बुद्धिबळाची कोडी सुरू. तीन मिनिटांत सुटतील तितकी सोडवायची. तीन चुका झाल्या की खेळ खलास. जन्मभर लोकांना चष्मे करून देणाऱ्या माणसाला आता समोरचं मधोमध दिसत नाही. "पटाचे कोपरे दिसतात," म्हणतात, "मारामारी तेवढी दिसत नाही." म्हणून मी वाचून दाखवते आणि ते सांगतील ती चाल बोटाने खेळते.

सुरुवातीला मी एकूणएक मोहरे वाचायचे. वेळ त्यातच संपायचा. बाबा वैतागले. "शिरगणती नको गं. राजे कुठे आहेत ते सांग, आणि बेवारस कोण ते सांग." ज्याच्या राखणीला मागे कुणी नाही, तो मोहरा बेवारस. त्याच्यावर नजर ठेवली की निम्मी कोडी सुटतात म्हणे. तुला हे लहानपणीच शिकवलं असेल. मी तेव्हा पटाच्या कडेला बसून तुम्ही मारलेले मोहरे रांगेत लावायचे. आठवतं? तू मला स्मशानातली बाई म्हणायचास.

तर, बेवारस शोधता शोधता मला उत्तरंही दिसायला लागली.

आता जे लिहायचं ते लिहिते. कोड्यांच्या गुणांचे फोटो तुला पाठवले, त्यांतले चढते गुण बाबांचे नाहीत. निदान सगळे नाहीत. ते वजीर सांगायचे, मला दिसायचं की वजीर फुकट जातोय, आणि माझं बोट घोड्याकडे वळायचं. उत्तर बरोबर आलं की टिंग वाजते. ती टिंग ऐकली की बाबांचे खांदे सैल होतात. महिनाभरापूर्वी पहिल्यांदा केलं ते त्या खांद्यांसाठी. पुढे कशासाठी केलं, ते मी स्वतःला नीट विचारलं नाही. तू कळवलंस, "म्हातारा अजून कुणाला ऐकत नाही, मग मी आता निवांत उन्हाळ्यातच येतो." तेव्हाही मी गप्प बसले.

गुरुवारी त्यांनी असाच वजीर सांगितला, मी घोडा खेळले, टिंग वाजली. बाबा थांबले.

"मी वजीर म्हणालो होतो."

घड्याळ पळत होतं.

"वजीर मेला असता ना?"

"हो, बाबा."

"मग बरोबर. मुद्दामच सांगितला. बरेच दिवस अधूनमधून चुकीचं सांगतोय, तुला दिसतंय का ते बघायला." आणि हसायला लागले. "तुझ्या दादापेक्षा लवकर शिकलीस हो. फक्त चाळीस वर्षं उशिरा."

दादा, या वयात मी न्हाणीघरात जाऊन रडले, आनंदाने. बाबांनी मला शिकवायला घेतलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

शुक्रवारी पुन्हा वजीर चुकला. मी हसत विचारलं, "हाही मुद्दाम का?" ते म्हणाले, "हो." मग थोड्या वेळाने, "हो, मुद्दामच." तो दुसरा 'हो' मला आवडला नाही.

काल म्हणाले, "उंट तिरकाच जातो ना गं?" मी म्हटलं, हो. "शाबास, परीक्षा होती." चेहरा मिश्कील होता. पण मिश्कील चेहरा करायला त्यांना नेहमीच जमतं. ग्राहकाचा चष्मा दुकानात हरवला तरी ते तसाच चेहरा करायचे.

त्यांची नजर तपासायला डॉक्टर आहेत. मला भीती नजरेच्या मागची आहे. ते खरंच माझी परीक्षा घेताहेत की स्वतःची चूक झाकताहेत, मला ओळखता येत नाही. मी त्यांचा खेळ कडेने पाहिलाय. तू समोर बसून खेळलायस. म्हणून तू उन्हाळ्यापर्यंत थांबू नकोस. माळ्यावरचा लाकडी पट मी काढून पुसून ठेवलाय. मोहरे मोठे आहेत, बाबांना हाताने चाचपता येतील. घड्याळ नाही. एक डाव खेळ. तुला कळेल. कळलं तरी लगेच माझ्याकडे बघू नकोस, आधी डाव पुरा कर.

एवढं महिनाभर आधी का लिहिलं नाही? काळजी लपवायची होती, असं रोजनिशीत लिहून पाहिलं. वाचलं आणि खोडलं. तू आलास की समोरची खुर्ची तुझी. मला ती आताच कुठे मिळाली होती. इतकंच कारण आहे, आणि ते तुला सांगताना लाज वाटते.

पण ये. मेलेले मोहरे मी लावीन.

तुझी,
ठमी

ता.क. उद्यापासून ठरवलंय: बाबा सांगतील तीच चाल खेळायची, चुकली तरी.