सतरा हजारांचा चष्मा आणि तीनशे साठचे भाषण

मी, विश्वास मोरेश्वर गुळवणी, वय ७१, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त, राहणार सेक्टर ३४, नोएडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आयुष्यभर दबाव मीच इतरांवर आणला, तोही माइकवरून.

एक. राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझ्यामागे पत्नी लतिका हिचे व तिच्यामागे मुलगी मैत्रेयी हिचे होईल. बँकेतील ठेवी लतिकाच्या. मृत्युपत्राची व्यवस्था मैत्रेयीने पाहावी.

दोन. माझी अकराशेच्या आसपास पुस्तके दिल्लीतील ज्या मराठी वाचनालयाला हवी असतील त्याला द्यावीत. समासात मी भांडलो आहे. ते खोडू नये.

तीन. सायकल, पंप व पान्यांची पेटी मैत्रेयीला. सायकल लिफ्टमधून नेऊ न देणाऱ्या सोसायटीच्या सचिवांना त्या विषयावरील माझी बावीस पत्रे पुन्हा एकदा द्यावीत.

चार. आता चष्म्याविषयी. २०१६ साली माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सायकलवर धूळ आणि ऊन टाळायला सांगितले. लतिकाने एक चष्मा आणून दिला. दिल्लीत मुनिरकाच्या फुटपाथवर तीनशे साठ रुपयांना मिळाला, असे ती म्हणाली. चष्मा उत्तम होता. डोळ्यांत धूळ जात नसे, घामाने घसरत नसे, थंडीत काच धुरकट होत नसे.

मी आमच्या मराठी सायकल मंडळात त्यावरून, कंपनीच्या नावाला पैसे देऊ नयेत अशी, भाषणे सुरू केली. नाक तुमचे, जाहिरात त्यांची, आणि वर पैसेही तुम्हीच द्यायचे, हे माझे वाक्य मंडळात पाठ होते. दरवेळी मी नाकावरचा चष्मा काढून पुरावा म्हणून उंच धरत असे. माझ्या शब्दावर वीसेक जणांनी फुटपाथवरून चष्मे घेतले. मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहून संशोधन करणारा केतन साबळे त्यांपैकी एक.

मंडळ दर जानेवारीत सायकलने पानिपतला जाते. २०२३ च्या फेरीत ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा केतनच्या चष्म्यावर बसला. काच फुटून तिचा तुकडा डाव्या डोळ्यात गेला. दृष्टी वाचली, पण समोरून दिवा आला की त्याला आजही दुहेरी दिसते.

पुढच्या बैठकीत मी चाळीस मिनिटे बोललो. दोष महामार्गाचा, ट्रकचा आणि केतनच्या वेगाचा, चष्म्याचा नव्हे, असे सिद्ध केले. चष्मा उंच धरून म्हणालो, हाही तीनशे साठचाच आहे आणि सात वर्षे टिकला आहे. टाळ्या पडल्या. केतन उठून निघून गेला तो पुन्हा मंडळात आला नाही.

घरी आल्यावर लतिकाने कपाटातून एक बिल काढून माझ्यासमोर ठेवले.

"तुमच्या नाकावर सतरा हजारांचा चष्मा आहे. कंपनीचं नाव मीच सँडपेपरने घासून काढलं. खरी किंमत सांगितली असती तर तुम्ही तो घातला नसता."

इतकी वर्षे का नाही सांगितलेस, असे मी विचारले.

"तोवर तुमच्या भाषणाने कोणाला लागलं नव्हतं."

यानंतर मी दोन वर्षे गप्प राहिलो. याला मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

या दोन वर्षांत एवढेच केले की खरोखरचा तीनशे साठचा चष्मा आणि एक अठराशेचा विकत घेतला. दोन्ही महिना महिना वापरले. ऊन दोन्ही सारखेच अडवतात. चष्म्याच्या दुकानातील यंत्रानेही तेच सांगितले. मग दुसऱ्या मजल्यावरून दोन्हींवर गोटी टाकली. तीनशे साठच्या काचेचे तीन तुकडे झाले. अठराशेच्या काचेवर ओरखडा आला, ती फुटली नाही. सतरा हजारांच्या चष्म्यावर गोटी टाकायला लतिकाने परवानगी दिली नाही. माझे मत असे: सतरा हजारांची गरज नाही, तीनशे साठ पुरत नाहीत. नावाला पैसे देऊ नयेत हे मी आजही म्हणतो. न फुटणाऱ्या काचेला द्यावेत.

पाच. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी मैत्रेयीने वरील कलम मंडळापुढे वाचून दाखवावे. सतरा हजारांचा चष्मा केतन साबळे यांना द्यावा.

सहा. माझ्या शोकसभेत कोणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये.

सात. (हे कलम नंतर जोडले आहे.) वरील मसुदा घेऊन मी मुनिरकाला केतनच्या खोलीवर गेलो. त्याने तो उभ्यानेच वाचला आणि कलम पाचवर बोट ठेवले.

"काका, तुम्ही गेल्यावर हे वाचून मला काय मिळणार? मी सगळ्यांसमोर उठून गेलो होतो, तुम्हीही समोर असायला पाहिजे ना यार."

मग चहा करता करता त्याने विचारले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, ते खरे का. मी हो म्हणालो.

"मग चलो, साक्षीदार मी होतो. चष्मा राहू द्या. पण आधी वाचा."

२ मार्चच्या रविवारी मी कलम चार मंडळापुढे उभे राहून वाचले. हातात कागद होता, कारण पाठ केले असते तर सजवले असते. टाळ्या पडल्या नाहीत. एकाने विचारले, मग घ्यायचा कुठला? अठराशेचा, मी म्हणालो. त्याने तो आकडा लिहून घेतला. केतन शेवटच्या रांगेत होता. या वेळी तो उठला नाही.

सबब कलम पाच रद्द. चष्मा जिने घेतला त्या लतिकाकडे परत जाईल. तो पुढे कोणाला द्यायचा, आणि किंमत किती सांगायची, हा सर्वस्वी तिचा अधिकार राहील.

ठिकाण: नोएडा
दिनांक: ३ मार्च २०२५

(सही) विश्वास मोरेश्वर गुळवणी

गुळवणी यांनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत.

साक्षीदार १: (सही) कृतिका देव, शेजारी, सेक्टर ३४, नोएडा

साक्षीदार २: (सही) केतन साबळे, मुनिरका, नवी दिल्ली. मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. जे हवे होते ते काल मिळाले.