बायकांचं बोलावणं

रविवार, २ नोव्हेंबर
सनाच्या लग्नाची तारीख ठरली. डिसेंबरचा पहिला रविवार, हॉल इथलाच, पनवेलचा. अम्मीने घरभर पेढे वाटले. धाकटीचं आधी होतंय म्हणून मला वाईट वाटेल अशी तिला भीती, त्यामुळे मला दोन. दुसरा हातावर ठेवता ठेवता म्हणाली, "बहिणीच्या लग्नात तरी तो स्कार्फ काढशील ना?" तोंडात पेढा होता म्हणून निभावलं. सब्र, म्हणजे संयम: पास. श्रेय पेढ्याला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
दीड वर्ष झालं हिजाब आणि अबाया सुरू करून. कुणी सांगितलं नव्हतं. नवरा नाही, सासू नाही. माझं मला वाटलं, मी सुरू केलं. लॅबमध्ये आठवडाभर कुजबुज झाली, मग संपली. पेशंटला काय, सुई दुखली नाही म्हणजे झालं. घरात मात्र अजून रोज पहिला दिवस.

आज अम्मीने दादीचा विषय काढला. "तुझी दादी लुगडं नेसून गावी, आपट्याला, शेतात भात लावायची. ती काय कमी मुसलमान होती?"
नाही गं, अजिबात नाही. दादीसारखी नमाज मला अजून जमत नाही. मी कुणाला कमी म्हणतच नाहीये, मला माझं करू द्या एवढंच. हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने म्हटलं, "अम्मी, चहा टाकू?" सब्र: पास, पण साखर जास्त पडली.

बुधवार, ५ नोव्हेंबर
अम्मीचं बोलणं चालतं. बोलते, विसरते, जेवायला हाक मारते. अब्बांचं न बोलणं लागतं.

अब्बा म्हणजे रिटायर्ड सायन्स टीचर, मराठी शाळेतले. अर्धं पनवेल त्यांच्या हाताखालून गेलंय. पूर्वी आम्ही दोघं मार्केटला जायचो. पापलेट मी निवडायची, भाव ते करायचे, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी "नमस्कार सर". अबाया घातला तेव्हापासून एकटेच जातात. सोबत निघावंच लागलं तर चार पावलं पुढे. घरी कुणी आलं की "नाझ, आत जरा बघ." आत काय बघायचं असतं? काही नाही. मी आत जाऊन फ्रिज उघडते आणि बंद करते.

मला अब्बा परत हवेत. आणि स्कार्फ काढायचा नाहीये. दोन्ही हवंय. हावरट म्हणा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
पत्रिका छापून आल्या. पण आपट्याला पत्रिकेला कोण विचारतं, ती फळीवर ठेवतात आणि वर डबा ठेवतात. आमच्यात बोलावणं तोंडी. बाप्याने बाप्याला बोलवायचं, ओटीवर बसून. आणि घरच्या बाईने आत जायचं, चुलीपर्यंत, प्रत्येकीच्या हातावर खडीसाखर ठेवायची आणि म्हणायचं, "यायचं हां, नक्की." तेव्हा ते बोलावणं.

अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय, जिने बंद. सना नवरी, ती स्वतःच्या लग्नाला कशी बोलवेल? उरले मी.

जेवताना अम्मी म्हणाली, "नाझला घेऊन जा."
अब्बा ताटात बघत म्हणाले, "मी एकटा जाऊन येतो. हल्ली कोण बघतं हे सगळं."
मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. सब्र: पास, पण रडून. बाथरूममध्ये, नळ सोडून.

रविवार, ९ नोव्हेंबर
अब्बा सकाळी आपट्याला गेले, दुपारी परत आले. एकदम खुशीत. "झालं सगळं! सगळी घरं झाली. उगाच घोळ घालता तुम्ही बायका."

संध्याकाळी फुफीचा फोन. फुफी अब्बांची मोठी बहीण, आपट्यालाच राहते, आणि तिला फोनवर ओरडून बोलायची सवय. स्पीकरची गरजच नव्हती.
"लगीन कवा हाय रं?"
"आपा, सकाळीच नाही का सांगून गेलो?"
"तू तुज्या भावोजीला सांगून गेलास. मला कोणी सांगलं?"
"तुम्ही तिथंच बसला होतात की!"
"बसलंव व्हतंव. माज्या हातावर साकर कोणी ठेवली? मोठी पोर कुठं हाय तुजी? ह्यो निरोप झाला, बोलावणं नाय. आमी कोणीच नाय येणार. समद्या बायकांनी ठरवलाय."
"म्हणजे नुसते पुरुष येणार?"
"येतील नं. तुजे बापये बिर्याणी खातील, आमी घरी पेज पिऊ."
फोन बंद. अब्बा फोनकडे बघतच राहिले. सना उशीत तोंड खुपसून हसत होती. मी हसले नाही. अल्लाह साक्षीला आहे, फक्त पोट हललं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
लॅबमधून आले तर अब्बा गॅलरीत माझी वाट बघत उभे. म्हणाले, "रविवारी आपट्याला जाऊ. तू आणि मी."
"हो अब्बा."
मग बराच वेळ कुंडीतली माती टोकरत राहिले. "साधा ड्रेस घालशील? ओढणी घे हवं तर डोक्यावर. फक्त तेवढा दिवस."

दीड वर्षात पहिल्यांदा तोंडाने मागितलं. इतक्या हळू आवाजात, की हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. एक दिवस, काय बिघडतं? पण मला माहीत आहे, एक दिवस दिला की पुढचाही मागतील, आणि मग मीच मला ओळखणार नाही.
म्हटलं, "अब्बा, मी येईन. पण अशीच येईन. आपट्याला तुम्हाला कसली एवढी लाज वाटते?"
"लाज नाही गं." एक सुकलं पान खुडलं. "मी आयुष्यभर पोरींना सांगत आलो, कुणाचं ऐकू नका, पुढे जा. आता लोकांना वाटतं, घरी मीच तुला..."
आत निघून गेले.

म्हणजे हे होतं. मी दीड वर्ष समजत होते की त्यांना माझी लाज वाटते. त्यांना भीती वाटत होती की लोक समजतील, सरांनीच पोरीला झाकून ठेवलंय. आधी कीव आली. मग राग आला, की लोकांना वाटेल ते महत्त्वाचं आणि मला वाटतं ते नाही? मग परत कीव.
त्यांनीच शिकवलं ना, कुणाचं ऐकू नका. मी नाही ऐकलं. त्यांचंही.
सब्र: अर्धी पास.

रविवार, १६ नोव्हेंबर
आपटा!! हात अजून चिकट आहेत साखरेने.

स्कूटर मी चालवली, अब्बा मागे. अबायाचा घोळ मी नीट दाबून बसले, नाहीतर चाकात जातो. हायवेला अब्बा फक्त प्रत्येक ट्रकला "सावकाश, सावकाश". नदी दिसल्यावर म्हणाले, "इथे पोहायला शिकलो मी." बरं वाटलं.

गावात स्कूटर लावली आणि अब्बा सवयीने चार पावलं पुढे. फुफी दारात उभीच होती, तिने तिथूनच हाळी दिली, "तिला पुढं घाल रं! साकर तिच्या हातात हाय, तू कुठं चाललास मिरवत?"
अब्बा थांबले. मी पुढे झाले. पुढची सगळी गल्ली मी पुढे आणि सर मागे. लेकाच्या मागे चालणारे बाप पाहिलेत, लेकीच्या मागे चालणारे आज आपट्याने पाहिले.

घराघरांतून आत, चुलीपर्यंत. "यायचं हां, नक्की." कुणी गाल ओढले, कुणी अत्तर लावलं. एक चाची म्हणाली, "शहरात शिकून उलटी झालीस की गं, आमच्या सुना काढतायत नि तू घालतेस." मी म्हटलं, "चाची, त्यांनाही आणा, मीही असेन, बिर्याणी सगळ्यांना सारखीच." चाची हसली.

फुफीच्या शेजारी बायजाकाकी, मासळी विकतात, फुफीची जन्माची मैत्रीण. त्यांच्याही हातावर साखर.
"गो, उनाचा गरम नाय व्हत तुला ह्यात?"
"होतं काकी."
"मंग?"
"तुम्ही भर उन्हात पाटी घेऊन बसता, तुम्हाला नाही होत?"
"व्हतं की!" काकी खो खो हसल्या. "येनार हां मी. मटणाच्या जवल बसवा मला."
ओटीवर अब्बा ऐकत होते. त्यांनाही हसू आलं, मी पाहिलं. लगेच खोकले.

सब्र: आज गरजच पडली नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर
आज लिहायलाच हवं.

पनवेलमधली बोलावणी बाकी होती, अब्बांच्या शाळेतल्या लोकांची. तिकडे साखरेची रीत नाही, पत्रिका दिली की झालं. मला जायची गरज नव्हती. तरी अब्बा चपला घालून दारात उभे. "नाझ, येतेस ना?" मी केस विंचरत होते. इतक्या घाईत स्कार्फ आयुष्यात बांधला नसेल.

कुलकर्णी सर, अब्बांच्या शाळेतले, मराठी शिकवायचे. काकूंनी पाणी आणलं. सरांनी पत्रिका वाचली, अभिनंदन केलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघून बोलले मात्र अब्बांशी, जणू मी सोफ्याचं कव्हर. "सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो. तुम्ही सुद्धा पोरीला हे करायला लावलंत?"

झालं. दीड वर्ष अब्बा ज्याला भीत होते तेच वाक्य. मी जीभ दातात धरली. खरंच धरली, अजून दुखतेय. वाटलं, आता अब्बा मान खाली घालतील, आणि घरी गेल्यावर पुन्हा "आत जरा बघ".

अब्बांनी ग्लास खाली ठेवला. वर्गातला आवाज काढला.
"लावलं? कुलकर्णी, मी दीड वर्ष तिला काढायला लावतोय. ऐकत नाही! माझी पोर आहे, ऐकेल कशी?"
अब्बाच पुढे म्हणाले, "मला पटत नाही. अजूनही पटत नाही. पण त्यावरून मी तिच्याशी भांडेन, माझ्या घरात. दुसऱ्या कुणी तिला काढ म्हटलेलं मला चालणार नाही. आणि तिच्याबद्दल विचारायचं तर तिलाच विचारा, ती समोर बसलीय."

आधी काकू हसल्या. "बरं झालं, कुणीतरी ह्यांना गप्प केलं." सर जरा लाल झाले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सॉरी बेटा. काय करतेस तू हल्ली?" मी लॅबचं सांगितलं. काकूंनी चकल्या आणल्या. मी पाच खाल्ल्या, भूक नसताना.

जिना उतरताना अब्बा: "हे बघ, मला पटलेलं नाहीये."
"माहीत आहे अब्बा."
"मग हसतेस कशाला?"
"कुठे हसतेय?"
"आवाजावरून कळतं."
तिथून सरळ मार्केट. बरोबरीने, पुढे नाही, मागे नाही. "नमस्कार सर", "नमस्कार सर". आणि प्रत्येकाला, न विचारता: "ही माझी मोठी मुलगी, नाझनीन." पापलेट मी निवडलं. घरी येऊन शुक्राची, म्हणजे आभाराची, दोन रकात नमाज पढले, आणि मग सनाला मिठी मारून इतकी रडले की ती घाबरली. आज सब्रला सुट्टी, आज नुसता आनंद.

सोमवार, ८ डिसेंबर
काल सना सासरी गेली. घर कसलं मोकळं लागतंय.

आपट्याच्या बायका टेम्पो भरून आल्या. हॉलमध्ये बाप्यांना जागा उरली नाही. फुफी स्टेजवर चढून सनाच्या गालाला हळद लावून आली, लग्नाच्या दिवशी! बायजाकाकी मटणाच्या जवळच बसल्या, मीच बसवलं.

फोटोच्या वेळी अम्मी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता म्हणेल, निदान एकात तरी. फोटोग्राफर थांबलाय, नवऱ्याकडचे बघतायत. अम्मीने माझ्या हनुवटीखाली हात घातला, पिन काढली, स्कार्फची घडी सारखी केली आणि पिन परत लावली. "घालतेसच, तर नीट तरी घाल. बावळट." सगळ्या फोटोंत मी दात काढून हसतेय.

(आज सकाळी परत म्हणाली, केस किती छान आहेत गं तुझे, कुणाला दिसत नाहीत. असो. चालायचंच.)

शनिवार, २० डिसेंबर
नवीनच. सनाच्या लग्नात महाडच्या एका कुटुंबाने मला पाहिलं. मुलगा इंजिनिअर. तीनदा फोनवर बोललो. मला हसवतो, आणि मधे मधे स्वतःच हसतो. आवडलाय. हीच पंचाईत.

आज संध्याकाळी त्याच्या आईचा फोन अब्बांना. फोन स्पीकरवर, मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. बाकी सगळं पसंत आहे म्हणाल्या, फक्त आम्ही जरा मॉडर्न लोक, लग्नानंतर ती ते काढेल ना? अम्मी माझ्याकडे बघायला लागली, मी अब्बांकडे. पूर्वीचे अब्बा म्हणाले असते, हो हो, समजावू आम्ही.
अब्बा म्हणाले, "ते मी कसं सांगणार? उद्या या, तिलाच विचारा. तिचं उत्तर ती देईल."

अम्मी मागे लागलीय, "जरा गोड बोल, एकदम नाही म्हणू नकोस." गोड बोलेन. काढणार मात्र नाही. त्यावर त्या काय म्हणतील माहीत नाही. तो काय म्हणेल, त्याचीच जास्त धाकधूक आहे. या बाबतीत त्याच्याशी बोलायला हवं होतं, बोलले नाही. घाबरले.

पाहुण्यांसाठी अब्बांनी आत्ताच हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. अम्मी म्हणाली, मुलगी आतून चहा घेऊन येईल, तिला खुर्ची कशाला? अब्बांनी ऐकलं नाही. माझी खुर्ची स्वतःच्या शेजारी लावलीय.